ससे विकता, तर सात किलो जुने खाद्यही बांधून द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शेतीपूरक व्यवसायाच्या पानांवर सशापालनाची माहिती येते, तेव्हा पिंजऱ्याचे माप, जातींची नावे, मादी वर्षातून किती वेळा विते, किलोला काय भाव मिळतो, हे सगळे असते. विकत आणलेल्या सशापुढे पहिले पंधरा दिवस काय ठेवायचे, ते मात्र ‘सकस आहार द्यावा’ एवढ्यावर उरकलेले असते. नवख्या माणसाची जनावरे दगावतात ती बहुधा याच पंधरवड्यात. मग खापर हवेवर फुटते, पाण्यावर फुटते, नाहीतर विकणाऱ्याने रोगट माल गळ्यात मारला असे ठरते. कारण पुष्कळदा खाद्याच्या गोणीत असते. कालपर्यंत एक खाद्य खाणाऱ्या सशापुढे आज सकाळी भलतेच खाद्य आलेले असते.

म्हणून विकणाऱ्यांना एक सुचवायचे आहे, आणि घेणाऱ्यांनी ते मागूनच घ्यावे. दहा सशांमागे सात किलो जुने, म्हणजे ससे तुमच्याकडे खात होते तेच, खाद्य बांधून द्या आणि सोबत एक चिठ्ठी द्या. सातच किलो का, तो हिशेब पुढे येतोच.

सशाचे पोट गाईसारखे नसते आणि कोंबडीसारखेही नसते. चारा आंबवायची त्याची टाकी मागच्या बाजूला, लहान आतडे संपते तिथे असते. हे आंधळे आतडे. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी जवळपास ४० टक्के तिथेच असतो आणि तिथले जिवाणू चाऱ्यातले तंतू फोडत असतात. त्यांतले कोणते किती वाढायचे, ते रोजच्या खाण्यावर ठरते. खाद्य बदलले की ही वस्तीही बदलावी लागते आणि त्याला आठ-दहा दिवस सहज जातात. मक्याचा भरडा, गहू, तांदळाची कणी असे पिष्टाचे खाणे एकदम वाढले, तर लहान आतड्यात न पचलेला भाग तसाच आंधळ्या आतड्यात उतरतो. त्याच वेळी तंतू कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते. अशा साचलेल्या मालावर क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी हा जिवाणू फोफावतो. त्याला विष तयार करायला ग्लुकोज लागते आणि ते पिष्टातून आयते मिळते. संध्याकाळी चांगला खाणारा ससा सकाळी मागचे पाय बरबटलेले आणि पोट फुगलेले असा मरून पडलेला दिसतो, तो बऱ्याचदा यामुळे. सशाला ओकता येत नाही. चुकीचे पोटात गेले की ते पुढेच सरकणार.

लहान पिल्लांत हे आणखी लवकर घडते. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरातले आम्ल सौम्य असते, सामू (पीएच) ५ ते ६.५ च्या घरात. मोठ्या सशात तो १ ते २ इतका खाली येतो आणि तोंडावाटे गेलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू या दोन अवस्थांच्या मध्ये लोंबकळत असते. आणि नेमके तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू स्वस्त पडते म्हणून उचलले जाते. दूध तुटले, टेम्पोचा प्रवास घडला आणि खाद्यही बदलले, तिन्ही एकाच दिवशी. आठ आठवड्यांखालचे पिल्लू दुसऱ्याच्या शेडवर जाऊच नये, असे आमचे मत आहे. दोन पैसे जास्त मोजावेत.

आता हिशेब. आपल्याकडे सात माद्या आणि तीन नर असे दहाचे युनिट घ्यायची पद्धत आहे. मोठ्या सशाला हिरवा चारा मिळत असेल तर गोळीखाद्य दिवसाला साधारण १०० ग्रॅम पुरते, तेवढेच धरू. ससे आले त्या दिवशी गोळी फक्त २५ ग्रॅम, तीही जुनीच. दुसऱ्या दिवशी ५०, तिसऱ्या दिवशी ७५. पिंजऱ्यात वाळलेले गवत मात्र पहिल्या तासापासून हवे तितके. चौथ्या दिवसापासून तीन दिवस ७५ ग्रॅम जुने आणि २५ ग्रॅम नवे. सातव्यापासून तीन दिवस निम्मे-निम्मे. दहाव्यापासून तीन दिवस २५ जुने, ७५ नवे. तेराव्या दिवशी सगळे नवे. जुन्या खाद्याची बेरीज केली तर पहिल्या तीन दिवसांचे १५०, पुढच्या तीन-तीन दिवसांचे २२५, १५० आणि ७५, म्हणजे एका सशामागे ६०० ग्रॅम. दहा सशांचे सहा किलो. एक किलो सांडलवंडीला आणि अडचणीच्या वेळी दोन पावले मागे यायला. एवढ्या खाद्याचे पैसे एका पैदाशीच्या मादीच्या किमतीपुढे काहीच नाहीत, आणि विकणाऱ्याने ते वेगळे लावले तरी कोणी कुरकुर करू नये.

‘तराजूवर कोण मोजत बसणार’ हा प्रश्न हमखास येतो. एक प्लॅस्टिकची वाटी घ्या, तिच्यात एकदा १०० ग्रॅम गोळी मोजून मार्करने रेघ मारा. नव्या खाद्यासाठी वेगळी वाटी, वेगळी रेघ. भरडा आणि गोळी यांचे आकारमान सारखे नसते, त्यामुळे एकच वाटी दोन्हीला चालत नाही. रोजच्या वाट्यापैकी एक भाग सकाळी आणि दोन भाग संध्याकाळी द्यावे, कारण ससा मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री खातो.

घातलेले किती, याच्यापेक्षा खाल्लेले किती हे महत्त्वाचे. जुनी गोळी आणि नवा भरडा एकत्र केला तर ससा गोळ्या वेचून खातो आणि भरडा पायाने उकरून खाली सांडतो. मालकाला वाटते निम्मे-निम्मे चालू आहे. प्रत्यक्षात जनावर जुन्याच खाद्यावर असते, तेही अर्धपोटी. मग जुने संपते त्या दिवशी उपाशी ससा भरड्यावर तुटून पडतो आणि सावकाश केलेल्या बदलाचा काही उपयोग उरत नाही. म्हणून सकाळी भांड्यात उरलेले बोटाने चाळून बघावे. एकच प्रकार उरला असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नये. भरडा द्यायचाच असेल तर पाण्याचा हबका मारून ओलसर करावा, नाहीतर त्याची धूळ नाकात जाऊन ससे शिंकत राहतात. मात्र ओला केलेला भरडा दोन-तीन तासांत उचलावा. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबतो.

जुने खाद्य मिळतच नसेल, तर पहिले दोन दिवस फक्त वाळलेले गवत आणि पाणी. तिसऱ्या दिवशी नवी गोळी २० ग्रॅम, मग लेंड्या नीट असतील तर रोज १० ग्रॅमने वाढ. अकराव्या दिवशी १०० ग्रॅमवर येता येते. पिल्लांना हेच प्रमाण निम्म्याने घ्यावे. गाभण मादी आणली असेल तर विण्याआधीचे दहा दिवस आणि व्याल्यानंतरचा पहिला आठवडा खाद्य बदलूच नये. गाभणपणाच्या शेवटी मादीने खाणे टाकले तर तिच्याच अंगावर बेतते. अशा मादीसाठी जुने खाद्य वीस दिवसांचे मागून आणावे.

बदल आधी पाण्यापासून तपासा. विकणाऱ्याकडे निपलची (चाटल्यावर थेंब देणाऱ्या तोटीची) पाइपलाइन असते, घेणारा मातीचे नाहीतर स्टीलचे भांडे ठेवतो, कधी याच्या उलट. निपल न बघितलेला ससा तिच्याजवळ दिवसभर तहानलेला बसतो. पाणी पोटात नसेल तर कोरडी गोळी तो खात नाही, आणि मालक म्हणतो नवे खाद्य आवडले नाही. मोठा ससा दिवसाला २०० ते ३०० मिलीलिटर पाणी सहज पितो, दूध पाजणारी मादी त्याच्या कितीतरी पट. पहिला आठवडा निपल आणि भांडे दोन्ही ठेवावे. निपलच्या टोकाशी थेंब लटकलेला राहील असे केले की ससे चाटता-चाटता शिकतात.

हिरव्या चाऱ्याचा बदलसुद्धा खाद्यबदलच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फक्त गोळीवर वाढलेल्या सशापुढे पहिल्याच दिवशी लसूणघासाची पेंडी टाकली की पोटफुगी ठरलेली. लसूणघास, बरसीम किंवा मक्याची पाने सावलीत तीन-चार तास सुकवावीत, जनावरामागे २० ते २५ ग्रॅमपासून सुरुवात करावी, एका वेळी एकच जात, तीन दिवस निभावले की दुसरी. हरळी आणि मारवेल सर्वांत निर्धोक. दशरथ घास, शेवग्याचा पाला, गाजर-मुळ्याचा पाला चालतो. कोबी आणि फ्लॉवरच्या पानांनी गॅस धरतो. बाजारात फुकट मिळतात म्हणून त्यावर ससे पोसू नयेत. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, तिचा वाटा थोडाच ठेवावा. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांत सायनाइड तयार होते, ती गुरांना घालत नाही तशी सशालाही घालू नये. पावसाळ्यात कापून ढिगात ठेवलेली वैरण आतून तापते. हात घालून बघा, ऊब लागली तर ती उकिरड्यावर. लसूणघासात चुना भरपूर असल्याने वाढत्या पिल्लांना ती बरी, पण पैदाशीतून विसावा दिलेल्या नराला रोज पोटभर दिली तर मूत्राशयात गाळ साचतो.

वाळलेले गवत म्हणजे कडबा नव्हे आणि भाताचा पेंढाही नव्हे. कडब्याचे धांडे ससा कुरतडतो आणि टाकतो, पेंढ्यात पोषण फारसे नसते. हिरवट रंग टिकवून वाळवलेली हरळी, मारवेल किंवा गिनी गवत हवे. वास घेतला तर गवताचा यावा, कुबट नको.

गोणीवरचा छापील तपशील वाचायची सवय नसते, ती लावून घ्यावी. सशाच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि तंतू १४ टक्क्यांच्या आसपास असावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ साली वाढत्या सशांसाठी १६ टक्के प्रथिने आणि १० ते १२ टक्के तंतू सांगितले होते. पुढे दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण आवरायला जास्त तंतू बरे, असाच अनुभव सशापालकांना आला. कोंबडी आणि गुरांच्या खाद्याच्या गोणीवर तंतूंचा आकडा ‘कमाल’ म्हणून छापतात, कारण तिथे तंतू म्हणजे भेसळ धरली जाते. सशासाठी ‘किमान किती’ हे विचारायचे असते. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात प्रथिने २० च्या वर आणि तंतू पाचाच्या आत. सशाला ते घालणे म्हणजे वर सांगितलेले सगळे दुखणे विकत घेणे. शिवाय त्यात कॉक्सिडिओसिस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावरची औषधे मिसळलेली असतात आणि त्यांतले नॅरासिन सशाला विषारी आहे. गुरांच्या गोळी पेंडीत युरिया असू शकतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो पचतो, सशाला नाही. सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही नको. शेंगदाणा पेंड चांगली, पण दमट गोदामातली बुरशी धरते आणि बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला ससा फारच नाजूक आहे. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर गोणी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी आणि महिन्याभरात संपेल एवढीच आणावी. खाद्यबदल चालू असताना दोन गोण्या एकाच वेळी उघड्या राहतात, तेव्हा आधी बुरशी येते ती कमी लागणाऱ्या जुन्या गोणीला. तिचे तोंड घट्ट बांधा.

कंपनी तीच, म्हणून बदल नाही, असेही समजू नये. वाढत्या पिल्लांची गोळी आणि पैदाशीच्या सशांची गोळी वेगळ्या मिश्रणाची असते. एकीवरून दुसरीवर जातानाही पाच-सहा दिवस मिसळ द्यावी. मोठा, गवतावर पोसलेला ससा अचानक बदल कधीकधी पचवतो, हे खरे. त्यावरून ‘आम्ही तर कधी मिसळत नाही, काही होत नाही’ असा सल्ला पिल्लांच्या खरेदीदाराला देणे बरे नव्हे.

पिंजऱ्याखालचा ट्रे रोज सकाळी झाडण्याआधी बघावा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, एकसारखी. चिमटीत दाबली तर फुटून आतून कोरडा, भुशासारखा चोथा दिसतो. लेंड्या बारीक, काळ्या, कडक झाल्या तर खाणे किंवा पाणी कमी पडते आहे. एकमेकींना केसांनी ओवल्यासारख्या दिसल्या तर गवत वाढवा. द्राक्षाच्या लहान घोसासारखा मऊ, चकचकीत, उग्र वासाचा पुंजका ही रोगाची खूण नव्हे. ती आंधळ्या आतड्यातून आलेली मऊ लेंडी, ससा ती शांत वेळी थेट गुदद्वारातूनच खातो आणि तीतून जीवनसत्त्वे व प्रथिने परत मिळवतो. पण असे पुंजके रोज जाळीवर चिकटून राहू लागले तर खाद्य जड झाले आहे. एक पायरी मागे या, तीन दिवस थांबा. लेंड्यांबरोबर जेलीसारखा शेंबूड पडला, किंवा पातळ हगवण लागली, तर मात्र थांबायला वेळ नसतो. गोळी आणि हिरवे दोन्ही त्याच क्षणी बंद. फक्त वाळलेले गवत, साधे पाणी, शेजारी दुसऱ्या भांड्यात ओआरएसचे पाणी. कान थंड लागत असतील तर गोणपाटाखाली ऊब द्या. पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसलेला, दात करकर वाजवणारा, उचलल्यावर पोटात पाणी खळखळणारा ससा काही तासांचाच सोबती असू शकतो. बारा तास काहीच न खाल्लेला ससाही पशुवैद्यकाला दाखवावा.

घरातल्या माणसांच्या औषधांच्या डब्याकडे अजिबात जाऊ नये. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ज्या क्लॉस्ट्रिडियमची भीती त्यालाच मोकळे रान मिळते. हगवण प्रत्येक वेळी खाद्यानेच होते असेही नाही. प्रवासाच्या ताणाने दबलेला कॉक्सिडिओसिस डोके वर काढतो. लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतल्याशिवाय दोहोंतला फरक कळत नाही, म्हणून ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन जाव्यात.

नवे ससे पंधरा ते एकवीस दिवस जुन्यांपासून वेगळे ठेवायचेच असतात. खाद्यबदल त्याच मुदतीत बसतो. या दिवसांत खरजेचे इंजेक्शन, जंताचे औषध, नराकडे सोडणे असली कामे एकावर एक रचू नयेत, अगदीच निकड नसेल तर. पाचसहा गोष्टी एकदम केल्या की बिघडले कशाने तेच कळत नाही. ससे आले त्या दिवशी वजन करून पिंजऱ्यावर खडूने लिहावे, मग दर तिसऱ्या दिवशी. प्रवासात उतरलेले वजन आठवड्याभरात भरून यायला हवे. कोडाईकनालजवळच्या मन्नावनूर येथील मेंढी-ससा संशोधन केंद्रासारख्या थंड डोंगरी जागेतून सोलापूरच्या किंवा विदर्भाच्या उन्हात आलेला ससा तसाही कमी खातो. तीस-बत्तीस अंशांच्या वर त्याची भूक मंदावते. त्याला बारा दिवसांचा बदल अठरा दिवसांवर न्यावा, किंवा खरेदीच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी.

शहरात हौसेने ससा आणणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त त्यांच्याकडे चुका गोड असतात. गाजर, केळे, बिस्किट, पोळी हे सशाचे जेवण नव्हे. दुकानदार काय घालत होता ते विचारावे, मूठभर मागून घ्यावे, आणि दुकानातल्या टिमोथी गवताच्या पिशवीवर खर्च करावा. बिस्किटांचे पैसे वाचतातच.

जागा असेल तर चिठ्ठीचा हा नमुना छापावा. विकणाऱ्यांनी त्यातले आकडे आपापले भरावेत :

‘वय ९५ दिवस, वजन १ किलो ९०० ग्रॅम. गोळी ४ मिलिमीटर जाडीची, प्रथिने १६, तंतू १४. रोज ९० ग्रॅम : सकाळी ३०, संध्याकाळी ६०. हिरवे : हरळी व सुकवलेला लसूणघास, २०० ग्रॅम. मका कधी दिलेला नाही. पाणी निपलने. शेवटचे औषध कोणते, किती तारखेला. शेवटचे खाद्य आज सकाळी ७ वाजता. सोबत जुने खाद्य ७ किलो.’

आपले,
काही सशापालक, जि. सातारा